पहिला कॉम्प्युटर घेताय? आधी ठरवा, काय आज घ्यायचं आणि काय नंतर

बारावीचा निकाल लागतो, मुलीचा पॉलिटेक्निकला किंवा मुलाचा बीसीएला प्रवेश ठरतो आणि घरात एक विषय हमखास निघतो: कॉम्प्युटर. मोबाईलवर लेक्चर बघता येतं, पण प्रोजेक्ट लिहिता येत नाही. कोडिंग, टॅली, ऑटोकॅड, टायपिंगचा सराव या सगळ्याला मोठा स्क्रीन आणि खरा कीबोर्ड लागतो. लॅपटॉपची किंमत ऐकून अब्बू गप्प होतात. मग कुणीतरी सुचवतं, ‘पार्ट्स घेऊन असेंबल करून घ्या, स्वस्तात होईल.’

सल्ला चांगला आहे, पण अर्धाच. असेंबल्ड कॉम्प्युटरचा मोठा फायदा स्वस्ताईपेक्षा वेगळा आहे: तो टप्प्याटप्प्याने वाढवता येतो. कामठी हे विणकरांचं आणि विडी कामगारांचं गाव. इथल्या बहुतेक घरांत मोठी रक्कम एकदम हातात येत नाही, थोडी थोडी येते. अशा घरासाठी नियम एकच आहे. जो भाग नंतर बदलणं महाग किंवा कटकटीचं आहे, तो आज चांगला घ्या. जो भाग नंतर सहज जोडता येतो, तो आज कमी घ्या किंवा घेऊच नका. माग पक्का असेल तर सूत नंतर बदलता येतं, तसंच हे आहे. पुढे प्रत्येक भाग आपण याच नियमाने पाहू.

काम काय, हे आधी कागदावर लिहा

दुकानात जाण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून लिहून काढा, या मशीनवर नेमकं काय करायचं आहे. ऑनलाइन वर्ग, एमएस-सीआयटी, वर्ड-एक्सेल, शासनाच्या टायपिंग परीक्षेचा सराव, टॅली, फॉर्म भरणं, उर्दू-मराठीचं डीटीपी, सुरुवातीचं प्रोग्रॅमिंग, डिप्लोमाचं साधं ऑटोकॅड, या सगळ्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते लागतं मोठ्या गेमसाठी, थ्रीडी कामासाठी आणि रोजच्या जड व्हिडिओ एडिटिंगसाठी. ग्राफिक्स कार्ड हा सगळ्यात महाग भागांपैकी एक. तो आज यादीतून काढला तर बजेट निम्म्यावर येऊ शकतं. आणि गरज पडलीच तर दोन वर्षांनी तो त्याच मशीनमध्ये बसवता येतो.

प्रोसेसर: नावापेक्षा नंबर वाचा

दुकानात सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. ‘आय फाईव्ह आहे भाऊ, डोळे झाकून घ्या’ असं कुणी म्हणालं की डोळे उघडे ठेवा. आय३, आय५, आय७ ही फक्त दर्जाची नावं आहेत. खरी गोष्ट पुढच्या आकड्यात असते. आय५-४५७० हा चौथ्या पिढीचा, २०१३ चा प्रोसेसर. आय३-१२१०० हा बाराव्या पिढीचा, २०२२ चा. नावाने आय३ लहान, पण कामात तो त्या जुन्या आय५ च्या बराच पुढे आहे. त्यामुळे ‘आय५ फुल सेट’ अगदी स्वस्तात मिळत असेल तर पहिला प्रश्न विचारा: कितवी पिढी? पूर्ण नंबर काय?

दुसरी खूण अक्षराची. इंटेलच्या नंबरमागे ‘एफ’ असेल, जसं आय३-१२१००एफ, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. एफचा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो आणि नवखा माणूस तो घेऊन येतो. आपल्याला एफ नसलेला हवा. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर उलट आहे: तिथे ‘जी’ असलेला शोधा, जसं रायझन ५ ५६००जी. जी म्हणजे ग्राफिक्स आत आहे.

पहिल्या कॉम्प्युटरसाठी आय३-१२१०० किंवा रायझन ५ ५६००जी या दर्जाचा प्रोसेसर पुरेसा आहे. पहिल्यात ४ कोअर आहेत, दुसऱ्यात ६. दोन्ही कंपनीच्या बंद डब्यात घेतले तर सोबत पंखा येतो, वेगळा घ्यावा लागत नाही. डब्याविना सुटा प्रोसेसर, ज्याला दुकानदार ‘ट्रे’ म्हणतात, थोडा स्वस्त पडतो. पण डब्यातल्या इंटेल प्रोसेसरला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. ट्रेला बहुतेकदा फक्त दुकानदाराचा शब्द असतो.

मदरबोर्ड: इथे थोडे जास्त द्या

रॅम बदलायला पाच मिनिटं लागतात. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे सगळं मशीन खोलायचं, आणि अनेकदा त्यासोबत प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते. म्हणून पुढची वाढ बोर्डावर ठरते. तीन गोष्टी पाहा.

पहिली, सॉकेट. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो त्याला सॉकेट म्हणतात. आय३-१२१०० चा सॉकेट एलजीए १७०० आहे आणि त्यावर इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीचे प्रोसेसर चालतात. म्हणजे आज आय३ घेतला आणि तीन वर्षांनी आय५ लावायचा ठरवला तर बोर्ड तोच राहील. एएमडीचा एएम४ सॉकेट जुना झाला, त्यावर डीडीआर४ रॅम लागते. नवा एएम५ फक्त डीडीआर५ घेतो आणि महाग पडतो, पण त्यावर २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. बजेट बसत असेल तर एएम५ मध्ये भविष्य मोठं आहे. बसत नसेल तर एलजीए १७०० किंवा एएम४ घ्या, त्यात कमीपणा नाही. बोर्डाचं बायोस तुमच्या प्रोसेसरला चालणारं आहे ना, हे दुकानदाराकडून तपासून घ्या. लागलं तर अपडेट तिथेच करून मागा.

दुसरी, रॅमची जात. डीडीआर४ ची रॅम डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. इंटेलचे एच६१० बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, म्हणून बिलावर डीडीआर४ की डीडीआर५ हे लिहून घ्या.

तिसरी, जागा. रॅमसाठी किमान दोन खाचा, एसएसडीसाठी एम.२ ची एक खाच, आणि मागे एचडीएमआय. व्हीजीए असेल तर घरी पडलेला जुना मॉनिटरही चालवता येतो.

रॅम आणि एसएसडी: थोडं आज, बाकी पुढच्या वर्षी

२०२५ च्या अखेरच्या महिन्यांत जगभर रॅमचे भाव झपाट्याने चढले. एआयसाठी मोठमोठी डेटा सेंटर उभी राहत आहेत, चिप कंपन्यांचा माल तिकडे वळला आणि घरगुती रॅम महागली. म्हणून मागच्या वर्षी शेजाऱ्याने कितीला घेतली, हा भाव आज धरू नका.

८ जीबीने काम सुरू होतं. १६ जीबी असेल तर ब्राउझरमध्ये दहा पानं, वर्ड आणि ऑनलाइन वर्ग एकाच वेळी आरामात चालतात. पैसे कमी असतील तर ८ जीबीची एकच पट्टी घ्या, ४-४ च्या दोन घेऊ नका. एक खाच रिकामी राहील आणि पुढे दुसरी ८ जीबी तिथे लागेल. दोन सारख्या पट्ट्या झाल्या की आतल्या ग्राफिक्सचा वेगही वाढतो.

साठवणीसाठी विंडोज एसएसडीवरच हवं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज टाकलं तर चांगला प्रोसेसरही रडत चालतो. २५६ जीबीत भागतं, ५०० जीबी असेल तर बरं. एम.२ हा फक्त आकार आहे. त्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात. बोर्ड कोणता घेतो ते पाहून शक्यतो एनव्हीएमई घ्या. लग्नाचे व्हिडिओ, फोटो, सिनेमे ठेवायला मोठी हार्ड डिस्क नंतर जोडता येते.

एसएमपीएस: जो दिसत नाही, तोच वाचवतो

भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणारा डबा म्हणजे एसएमपीएस. स्वस्त कॅबिनेटसोबत तो ‘फुकट’ येतो, वर ४५० वॅट असा स्टिकरही असतो. त्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका. हलका एसएमपीएस जळताना कधी कधी बोर्डालाही सोबत घेऊन जातो. दोन हजार वाचवायला गेलो आणि पंधरा हजारांचं नुकसान झालं, असा तो सौदा.

आपल्या मशीनला लागतं किती? ग्राफिक्स कार्ड नसेल तर वर सांगितलेले प्रोसेसर जोरात चालतानाही ९० वॅटच्या आत राहतात. बाकी सगळं धरून पेटी १५० वॅटच्या आतच बसते. नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस’ खूण असलेला ४५० वॅटचा एसएमपीएस पुरून उरतो आणि पुढे लहान ग्राफिक्स कार्डही पेलतो. ८० प्लस म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज कामी लागते, उरलेली उष्णता होते. कॅबिनेट रिकामं घ्या, एसएमपीएस वेगळा घ्या.

आता आपल्या भागाची गोष्ट. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तारच नसते. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. कॉम्प्युटर आणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. हा खर्च लहान आहे आणि तो मुलांच्या जिवासाठी आहे.

वीज अचानक जाते तिथे यूपीएस हवा. बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. आपलं मशीन आणि मॉनिटर मिळून त्याच्या निम्म्यातच येतं. काम सेव्ह करून नीट बंद करायला तेवढा वेळ मिळतो, आणि त्याचं काम तेवढंच आहे. त्यावर प्रिंटर किंवा कूलर लावू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे ‘यूपीएस मोड’चा खटका आहे का ते पाहा.

आणि उन्हाळा. मे महिन्यात नागपूर-कामठीत पारा ४५ च्या वर जातो. कॅबिनेट भिंतीला चिकटवून, कपाटात कोंबून किंवा चादर पांघरून चालवू नका. पुढून हवा आत, मागून बाहेर, एवढी वाट मोकळी ठेवा. कूलरच्या थेट झोतात तर अजिबात नको, कारण तो हवेसोबत ओलावा आणि धूळही आत फेकतो. सहा महिन्यांतून एकदा प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडा.

मॉनिटर: टीव्ही आहे ना घरात?

घरात एचडीएमआयचा टीव्ही असेल तर पहिले काही महिने तोच स्क्रीन म्हणून चालवता येतो. सोय थोडी कमी, पण मॉनिटरचे पूर्ण पैसे आज वाचतात आणि ते बोर्डात किंवा रॅममध्ये घालता येतात. मॉनिटर घ्यायचाच असेल तर २१ ते २४ इंच, फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, आणि आयपीएस पॅनेल बघा. मुलं तासन् तास त्यासमोर बसणार आहेत. रंगीबेरंगी लाइटच्या कॅबिनेटवर जाणारे पैसे इथे लावा.

पैशांची वाटणी

समजा मॉनिटर सोडून फक्त पेटीसाठी घरात ३० हजार रुपये ठरले. आमच्या मते त्यांची वाटणी साधारण अशी असावी. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून निम्मे, म्हणजे १५ हजार. रॅमला ६ हजार. एसएसडीला ४,२००. एसएमपीएसला ३ हजार. कॅबिनेटला १,८००. हे भाव नाहीत, वाटणी आहे. भाव दर आठवड्याला हलतात. रॅम जास्तच महाग दिसली तर ८ जीबीवर थांबा, पण एसएमपीएसचे पैसे तिकडे वळवू नका. कीबोर्ड आणि माउस साधे घ्या, ते कधीही बदलता येतात.

कोटेशन मागताना एक प्रश्न विसरू नका: जीएसटी धरून की सोडून? कॉम्प्युटरच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. २० हजारांचं कोटेशन जीएसटी लागल्यावर २३,६०० होतं.

हप्ते, व्याज आणि भिशी

ऑनलाइन आणि दुकानात ‘नो कॉस्ट ईएमआय’ची पाटी असते. तिचं गणित असं: बँक किंवा फायनान्स कंपनी व्याज लावते आणि विक्रेता तेवढीच सूट देऊन ते भरून काढतो. कागदावर व्याज राहतंच. क्रेडिट कार्डच्या हप्त्यांत त्या व्याजावर जीएसटी लागतो आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फीही. रोख घेतल्यावर मिळणारी सूट हातातून जाते ती वेगळी. आपल्या अनेक घरांत व्याजाचा व्यवहार टाळतात. त्यांनी ‘नो कॉस्ट’ या शब्दावर न जाता करारातली व्याजाची ओळ वाचावी आणि शंका असेल तर जाणकार आलिमांना विचारावं.

कर्ज टाळायचं तर टप्पे हाच मार्ग आहे. भिशीचा नंबर लागला, बोनस आला, किंवा मामूंकडून बिनव्याजी उसने मिळाले की पेटी घ्या. मात्र एक काळजी घ्या. चालू होण्यासाठी लागणारे सगळे भाग, म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट, एकाच वेळी घ्या. दर महिन्याला एक भाग आणून घरात साठवू नका. मशीन जुळेपर्यंत एखादा भाग खराब आहे हे कळणारच नाही, बदलून मिळण्याची मुदत निघून जाईल आणि वॉरंटी मात्र पहिल्या दिवसापासून चालू झालेली असेल. टप्पे पाडायचे ते चालू मशीनवर.

जुनं घ्यायचं असेल तर

कार्यालयांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे डेस्कटॉप नागपुरात मिळतात. कमी बजेटमध्ये तो चांगला पर्याय होऊ शकतो, पण एक रेघ ओढून ठेवा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझनच्या २००० मालिकेपासून पुढे चालतं, आणि त्याला टीपीएम २.० लागतं. म्हणून त्याआधीचं मशीन कितीही स्वस्त असो, कॉलेजच्या तीन-चार वर्षांसाठी ते घेऊ नका. ब्रँडच्या अनेक पेट्यांत एसएमपीएस आणि बोर्ड त्याच कंपनीच्या मापाचे असतात. बिघडले तर बाजारातला साधा भाग बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

विंडोज, लिनक्स आणि उर्दू

बजेट करताना सॉफ्टवेअरचा खर्च सगळे विसरतात. चोरीचं विंडोज टाकून देणारे भेटतील, पण ते बेकायदा आहे आणि त्यासोबत व्हायरस येण्याची भीती असते. ज्या मशीनवरून घरचे फॉर्म, आधार आणि बँकेचे व्यवहार होणार, त्यावर असा धोका कशाला? विंडोज विकत घ्यायचं तर ती रक्कम आधीच धरा. नाहीतर उबुंटू किंवा लिनक्स मिंट पूर्णपणे मोफत आणि कायदेशीर आहे. त्यासोबत लिब्रे ऑफिस येतं आणि त्यात वर्ड-एक्सेलच्या फायली उघडतात. पण टॅली, ऑटोकॅड, टायपिंग परीक्षेचं सॉफ्टवेअर किंवा उर्दू डीटीपीचं इनपेज लागणार असेल तर विंडोजच हवं. नुसतं उर्दू-मराठी लिहायला दोन्हीकडे युनिकोड कीबोर्ड चालतो, वेगळा खर्च नाही.

खरेदीला जाताना

कामठीहून बर्डी साधारण १५-१६ किलोमीटर. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गेलात की पुढे मेट्रो आहे. बर्डीत दुकानं जास्त, म्हणून भाव पडतो. दोन-तीन ठिकाणी तीच यादी, पूर्ण मॉडेल नंबरसह, लिहून द्या आणि कोटेशन घ्या. मग तीच यादी आपल्या कामठीतल्या ओळखीच्या दुकानदारालाही दाखवा. पाचशे-हजाराचा फरक असेल तर जवळचं दुकान परवडतं, कारण बोर्ड बिघडला की पुन्हा पुन्हा बर्डीला चकरा मारायला भाडं आणि मजुरीचा दिवस दोन्ही जातात.

पक्कं बिल घ्या. त्यावर प्रत्येक भागाचं मॉडेल आणि सीरियल नंबर असू द्या. डबे वर्षभर सांभाळा. मशीन दुकानातच चालू करून पाहा: रॅम किती दाखवतं, प्रोसेसरचा नंबर बिलाशी जुळतो का, सगळे यूएसबी चालतात का. बिल देऊनही विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

ज्याच्यासाठी कॉम्प्युटर घेताय त्या मुलाला किंवा मुलीलाही सोबत न्या. मुलगी आहे म्हणून घरी ठेवू नका. मशीन तिने वापरायचं आहे, तर रॅम कुठे बसते आणि एसएमपीएसची वायर कुठे लागते हे तिने जुळणी होताना बघितलेलं बरं. पुढच्या वर्षी दुसरी ८ जीबीची पट्टी लावायला मग कुणाला बोलवावं लागणार नाही.

नंतरचा क्रम सोपा आहे. आधी रॅम १६ जीबी, मग टीव्ही वापरत असाल तर मॉनिटर, मग साठवणीची हार्ड डिस्क. ग्राफिक्स कार्ड किंवा मोठा प्रोसेसर काम मागेल तेव्हाच. प्रत्येक वेळी खर्च थोडा, आणि तोही हातात पैसे आल्यावर. पेटीवर कुणाचा हप्ता बाकी नाही आणि अभ्यास पहिल्या दिवसापासून सुरू, एवढं जमलं तर पहिला कॉम्प्युटर नीट घेतला असं समजा.